टोकाला जरा जड

मायक्रॉनबाईंचा पाय मोडला तो बल्ब बदलताना. शिडी डगमगली आणि बाई खाली आल्या. घोट्याच्या वर हाड चिरलं होतं, पण इस्पितळात पोचेपर्यंत बाई कण्हत नव्हत्या, शिडीला शिव्या देत होत्या. शिडीचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता. कुणीतरी तो नुसत्या नजरेच्या अंदाजानं कापला असणार, आणि असल्या माणसाच्या हातात करवत दिलीच कुणी, हा त्यांचा प्रश्न होता. डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं तेव्हाही त्यांची नजर त्याच्या हातावरच होती.

"एका बाजूला जाड झालंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसला. बाई हसल्या नाहीत.

मायक्रॉनबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उभं आयुष्य त्यांनी टूलरूममध्ये काढलं होतं, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे जिथे बनतात त्या खोलीत. मिलिंग मशीनवर सुरुवात केली आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्या मशिनी जुळवणाऱ्या मुख्य फिटर होत्या. लोखंडावरून बोट फिरवून फरक सांगायच्या आणि मग गेज लावून तो खरा करून दाखवायच्या. लोक त्यांना मानत. पण त्यांच्या शेजारच्या मशीनवर काम करायला कुणी राजी नसे. चार दिवस झाले की माणूस साहेबांकडे जाऊन बदली मागे. बाईंच्या नाकावर माशी बसत नसे आणि जिभेच्या तडाख्यातून कुणी सुटत नसे.

सगळ्यात जास्त त्या तडाख्यात सापडायचा तो जावई.

एकुलती एक लेक. शिकली, नर्स झाली, इस्पितळात नाव काढलं, आणि नवरा पसंत केला तर हा. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, कायम हसरा. घराच्या तळमजल्यावर एकट्याचं छोटंसं वर्कशॉप. कुणाची पुली मोडली, कुणाच्या पॅकिंग मशीनचा एखादा भाग झिजला, की तो बनवून द्यायचा. काम आलं की म्हणायचा, "होऊन जाईल." काम झालं की म्हणायचा, "चालतंय की." भाषेत इतके शब्द असताना बाईंना नेमके हे दोनच बोल ऐकवत नसत. लग्नानंतर त्यानं सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हौसेनं एक फळी ठोकून दिली होती. फळी तिरकी बसली. "डबे घसरत नाहीत ना? मग चालतंय की," असं म्हणून तो चहा पिऊन गेला. तो जिना उतरायच्या आत बाईंनी फळी उतरवली होती.

तोंडानं त्या त्याला 'जावईबापू' म्हणत. अहो-जाहो करत. पण त्या 'बापू'ला अशी धार असे, की ऐकणाऱ्यानं उगाच आपली बोटं मोजून बघावीत. जावयाला मात्र ती धार कधी लागलीच नाही. बाईंच्या मते त्याचं कारण सरळ होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

पायाला प्लॅस्टर असताना एकटीनं राहायचं नाही असं डॉक्टर म्हणाला, आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. खोली दिली ती नेमकी वर्कशॉपच्या डोक्यावरची. लेक सकाळी कामावर जायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळात बाई, त्यांचं प्लॅस्टर आणि जमिनीखालून येणारा आवाज.

आवाज मिलिंग मशीनचा होता. मिलिंग मशीनमध्ये फिरतं कटर जागच्या जागी असतं आणि जॉब, म्हणजे कापायचं लोखंड, बांधलेलं टेबल त्याच्याखालून सरकतं. टेबल सैल असेल तर ते कटरखाली थरथरतं, आणि गुळगुळीत व्हायला हव्या त्या लोखंडावर लाटा उठतात. खालून येणारी खडखड बाईंनी पहिल्या दिवशी ऐकली, दुसऱ्या दिवशी ऐकली. उशी कानावर दाबून पाहिली. शेवटी छताकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, टेबल सैल आहे!" छतानं ऐकून घेतलं. खडखड चालूच राहिली.

मग एका सकाळी, लेक कामावर गेल्यावर, बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या आणि लहान मूल उतरतं तशा बसल्या बसल्या एकेक पायरी खाली आल्या.

वर्कशॉप त्यांना वाटलं होतं तसंच होतं, किंबहुना जास्तच. कामाच्या टेबलावर पान्यांच्या ढिगात अर्धा प्यालेला चहा. ड्रिल मशीनच्या दांड्याला अडकवलेली छत्री. लोखंडाचा बुरा झाडून कोपऱ्यात लोटलेला, तोही अर्धाच. आणि मधोमध ते मिलिंग मशीन. जुनं, पण चांगल्या घराण्यातलं. कधीकाळी कुणीतरी मन लावून बनवलेलं. बाईंना एखाद्या खानदानी माणसाला फाटक्या कपड्यांत बघावं तसं झालं.

"अरे! आई, तुम्ही कशाला खाली आलात?" जावई लगबगीनं पुढे आला. "हाक मारायची की! बसा, बसा. चहा घेणार?"

"चहा नको. या आवाजानं माझं हाड जुळायचं नाही, म्हणून आले."

"हो ना, ओरडते आमची म्हातारी," जावई मशीनवर थाप मारत म्हणाला.

म्हातारी मशीनच आहे याची बाईंनी क्षणभर खात्री करून घेतली.

मशीनवर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक लांबलचक प्लेट बांधलेली होती. बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या मशीनचा हा तळ, जावयानं सांगितलं. गिऱ्हाईक मोठं होतं. ते येईल तेव्हा दारात गाडी उभी करून आतूनच हॉर्न वाजवायचं. आधीची प्लेट त्यानं लाटा उठल्या म्हणून परत केली होती आणि हीही तशीच आली तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं बजावलं होतं.

बाईंनी हात लांब करून टेबलाचं टोक धरलं आणि पुढेमागे ढकललं. डुगडुगलं. हातालाच कळलं, गेजची गरजच नव्हती.

"गिब कधी आवळली होती?"

गिब म्हणजे एक लांब, निमुळती लोखंडी पट्टी. सरकणारं टेबल आणि त्याच्या खालची बैठक यांच्यामधल्या फटीत ती पाचरीसारखी बसते. पट्टी आत सारली की टेबल घट्ट होतं, बाहेर ओढली की सैल. किती सारायची याचाच सगळा खेळ.

"गिब ना?" जावयानं मान खाजवली. "तिच्यामागे मी जरा पत्रा घातलाय."

"काय घातलंय?"

"पत्रा. थंड पेयाचा डबा असतो ना, तो कापून. पट्टी झिजली होती. पत्रा घातल्यावर बरी चालते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला प्लॅस्टरचा अडथळा होता, तरी गेली. थंड पेयाचा डबा! टूलरूममध्ये असलं कुणी केलं असतं तर त्याला दाराबाहेर काढून दाराची मूठसुद्धा पुसून घेतली असती.

"काढा," त्या म्हणाल्या.

"आई, चाललंय तर..."

"काढा म्हणते ना!"

जावयानं पट्टी काढली. मागून चुरगळलेला, रंगीत पत्र्याचा तुकडा बाहेर आला. बाईंनी तो दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर शेपटीनं धरतात तसा, आणि कचऱ्यात टाकला. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं, पाय खोक्यावर ठेवला आणि फर्मानं सोडायला सुरुवात केली. चिंधी आणा. ही नाही, स्वच्छ. याला तुम्ही स्वच्छ म्हणता? रॉकेल आणा. स्लाइडचं तेल कुठंय? हे? हे तर दाराच्या बिजागरीला घालतात. बरं, आणा.

त्यांनी स्वतःच्या हातांनी पट्टी पुसली, तिच्या कडांवरची बारीक बोच पाषाणावर घासून काढली, तेलाचं बोट फिरवलं. पट्टी आत सारली. एका टोकाचा स्क्रू सैल केला, दुसऱ्या टोकाचा किंचित आवळला. टेबल हातचाकानं सरकवून पाहिलं. पुन्हा किंचित. बारीकशी हालचालही दाखवणारं डायल गेज लावून टेबल ढकललं. काटा सुरुवातीला उड्या मारत होता, मग शहाण्यासारखा वागायला लागला, शेवटी जागचा हलेना. बाईंच्या चेहऱ्यावर त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

जावई कमरेवर हात ठेवून बघत होता. "वा! काय हात आहे, आई! फक्त एक सांगू? त्या डाव्या टोकाला ती जरा जड जाते हं."

"कोण जड जाते?"

"म्हातारी. म्हणजे टेबल. शेवटी शेवटी."

"जड जातं, कारण तुम्ही तिथं डबे कोंबता," बाई म्हणाल्या. "पट्टी नीट बसली की टेबल सगळीकडे सारखंच जातं. नाचता येईना, अंगण वाकडं. लावा जॉब."

खरं तर हातचाक आणखी थोडं फिरवून टेबल त्या टोकापर्यंत नेऊन बघणं एवढंच काम होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बाईंनी ते केलंही असतं. पण सांगणारा हा होता. याचं ऐकून तपासायचं म्हणजे फळी तिरकी नव्हती म्हणण्यासारखं झालं असतं.

जावयानं प्लेट बांधली, कटर लावलं, फीडची मोटर चालू केली. टेबल आपोआप सरकायला लागलं. आणि खडखड गेली! तिच्या जागी एक एकसुरी, भरलेला आवाज आला. कटरमागे बीड आरशासारखं निघत होतं. जावई लहान पोरासारखा वाकून बघत होता आणि बाई त्याला बघत होत्या. इतकी वर्षं या माणसानं हे असं होऊ शकतं हे न कळता काढली. रोज इथे उभा राहिला, रोज खडखड ऐकली आणि म्हणाला, चालतंय की.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. "आलाच वाटतं लेबलवाला," म्हणत जावई बाहेर पळाला. "आई, तेवढं लक्ष ठेवा!"

लक्ष ठेवा म्हणे. कुणाला सांगतोय!

टेबल सरकत राहिलं. निम्मी प्लेट झाली, निम्म्याहून जास्त झाली. मग आवाज बदलला. अगदी थोडा, गाणाऱ्याचा घसा बसायला लागतो तसा. बाईंनी मान वर केली. फीडची मोटर कण्हायला लागली. टेबल अडखळलं, पुढे गेलं, पुन्हा अडखळलं. डाव्या टोकाला ते जड जात होतं.

बाई उठायला गेल्या आणि पाय विसरल्या. लाल बटण मशीनच्या पलीकडच्या अंगाला होतं. त्यांनी हात लांबवला, पोचला नाही. फीडच्या गिअरच्या पेटीत दातांनी दात खाल्ल्याचा आवाज झाला, टेबलाला हिसका बसला, कटर प्लेटमध्ये घुसलं आणि सगळं मशीन थडाथडा हादरलं. बाईंनी कुबडी उचलली आणि भाल्यासारखी बटणावर मारली.

शांतता झाली. मग छत्री दांड्यावरून खाली पडली.

प्लेटच्या पार पोटात खळगा पडला होता. फीडच्या पेटीतून दातांचे तुकडे तेलासकट गळत होते. आणि टेबलाच्या सरकत्या अंगावर, जिथे ते जाम झालं होतं तिथे, एक लांब ओरखडा.

जावई धावत आला. मशीनकडे पाहिलं. प्लेटकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

"तुम्हाला लागलं नाही ना?" शेवटी तो म्हणाला.

एवढं सगळं डोळ्यांदेखत मोडून पडलंय आणि या माणसाचा प्रश्न काय, तर लागलं नाही ना! "मला काय लागायचंय?" बाई खेकसल्या. "चालू मशीन सोडून जातं का कुणी?"

"हो, ते चुकलंच माझं," जावई म्हणाला, आणि बाहेर जाऊन गाडीच्या खिडकीपाशी वाकून उभा राहिला. लेबलवाल्याचा आवाज आतपर्यंत येत होता. जावयाचा येत नव्हता.

संध्याकाळी लेक आली. पायांतले बूट काढता काढताच तिनं विचारलं, "खाली काय झालंय? मशीनवर चादर टाकलीय मेल्यासारखी."

बाईंनी तोंड उघडलं, पण जावई आधी बोलला. "माझ्या हातून झालं. गिब जास्त आवळली गेली. टेबल अडकलं, प्लेट गेली. लेबलवाला चिडून गेला."

"किती वेळा सांगितलं तुला, घाई करू नकोस!" लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला. जेवणाची ताटं मांडेपर्यंत सुटलेला होता. आधीच एक प्लेट परत आली होती, आता ही. आता कोण काम देणार? जावई मान खाली घालून ऐकत होता. "आणि आवळलीस तरी किती?" या प्रश्नावर त्यानं सांगितलं की दोन्हीकडचे स्क्रू त्यानं एकदमच आवळले.

दोन्हीकडचे स्क्रू एकदम आवळले तर पट्टी हलणारच नाही, मग टेबल अडकणार कसं? आईबरोबर लहानपणापासून टूलरूमच्या गोष्टी ऐकत जेवलेल्या पोरीला एवढं कळणार नाही? खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं. तेही याला मापात जमत नाही. बाईंनी ताटाकडे बघत घास घेतला. त्यांना त्याची भयंकर चीड आली. मग त्यांच्या लक्षात आलं, चीड त्याची येत नव्हती. तरीही त्या बोलल्या नाहीत. पुढचा घास घेतला. साठी उलटून गेल्यावर, पोटच्या पोरीच्या घरात, जावयाच्या पाठीमागे लपून त्या जेवत होत्या. टूलरूममध्ये असं कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी काय म्हटलं असतं, ते शब्द त्यांना एकेक करून आठवले.

जेवणानंतर लेक कोमट पाणी घेऊन त्यांच्या खोलीत आली. रोज ती आईचे हातपाय पुसायची. आज तिनं आईचा उजवा हात पाण्यात घेतला आणि नखं बघितली. नखांत काळं तेल होतं.

"गिब कुणी आवळली, आई?"

"मी."

"हं." लेक ब्रशनं नखं घासत राहिली.

"मग त्याला का बोललीस एवढं?"

"त्यानं बोलून घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून बोलले. मला माहितीये हे त्यालाही माहितीये. या घरात कुणाला काही कळलं नाही असं वाटणारी तू एकटीच आहेस."

हात पुसून लेक गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, बाईंच्या मनात आलं. उगाच खाली गेले.

सकाळी त्या पुन्हा बसल्या बसल्या जिना उतरल्या. जावई मशीनपुढे उकिडवा बसून फीडची पेटी उघडत होता.

"जावईबापू, काल खोटं का बोललात?"

"आई, तुम्ही अबोला धरला असता," तो पेटीतून डोकं न काढता म्हणाला. "मागं त्या फळीवरून धरला होता तसा. अख्खा महिना घरात कुणी हसलं नसतं. मला काय, ओरडा खायची सवय आहे."

फळी आपण उतरवली हे त्याला माहीत होतं तर.

"आणि तो पत्रा? टोकाला जड जातं म्हणून मुद्दाम घातला होतात? पट्टी पुरती न आवळता थोडी सैल ठेवायला?"

इथे जावयानं 'हो' म्हटलं असतं तर बाईंनी त्याला त्याच क्षणी थोडाफार मान दिला असता. पण तो सरळपणे म्हणाला, "नाही हो. एकदा घातला, चाललं, म्हणून ठेवला."

बाईंनी डोळे मिटले. असू दे. माणूस बदलत नाही. "टेबल उतरवा," त्या म्हणाल्या.

साखळीनं टेबल उचलून दोन लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलं. लेकीनं बाईंच्या घरून त्यांची सपाटी तपासायची सरळ पट्टी, निळ्या रंगाची डबी आणि बीड खरवडायचा स्क्रेपर आणले, जुन्या पांघरुणात गुंडाळलेले. सरळ पट्टीला निळं लावून टेबलाच्या अंगावर घासलं की जो भाग उंच असेल तिथेच निळं लागतं. बाईंनी घासलं आणि सगळं दिसलं. डावं टोक निळंशार, बाकीचं जवळजवळ कोरडं. या मशीनवर आजवर प्रत्येकानं व्हाइस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, एकाच जागी बांधला होता, म्हणून टेबल तेवढंच सरकत राहिलं आणि तेवढंच झिजलं. डावं टोक जवळजवळ नव्यासारखं राहिलं होतं. झिजलेल्या भागाला नेमकी बसणारी गिबची पट्टी तिथे जाऊन अडकणारच. टूलरूममधल्या मशिनी वेळच्या वेळी दुरुस्त होत. झिजलेल्या मशीनबरोबर संसार करायची वेळ बाईंवर कधी आलीच नव्हती.

"म्हणजे मी म्हणत होतो ते..." जावई सुरू झाला.

"तोंड मिटा आणि स्क्रेपर धरा."

कारण पायामुळे बाईंना जोर लावता येत नव्हता. ते उंच बीड खरवडून खाली आणायचं होतं, रवाळ पिठासारखं, थोडं थोडं, आणि करायचं होतं याच्याकडून. निळं लावा, खरवडा, पुसा, पुन्हा निळं लावा. पहिल्या दिवशी त्यानं बिडावर खेकड्यानं नाचावं तसे ओरखडे काढले. "हे काय आहे?" बाई म्हणाल्या. "शेत नांगरताय? मनगट नाही, कंबर वापरा. एवढी मोठी दिलीय देवानं, ती कधी उपयोगी पडायची?" दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले. लेकीनं पट्ट्या बांधल्या. तो खरवडत राहिला आणि बोलत राहिला. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, लेबलवाल्याच्या गाडीबद्दल, आपण लहानपणी पोहायला कसं शिकलो त्याबद्दल. बाईंनी कुबडी जमिनीवर आपटली की थांबायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

बाईंनी त्याला गेंडा म्हटलं, ठोंब्या म्हटलं, जावईबापू म्हणत म्हणत म्हटलं. रोज सकाळी त्या जिना उतरत तेव्हा तो आधीच कामाला लागलेला असे. एका दुपारी, निळे ठिपके टोकापासून मध्यापर्यंत बऱ्यापैकी सारखे उमटायला लागले होते तेव्हा, बाईंना आठवलं की त्यांच्या शेजारी इतके दिवस सलग कुणीच टिकलं नव्हतं. अजून यानं बदली मागितली नव्हती. अर्थात याला जायला दुसरी जागाही नव्हती, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण त्या दिवशी कुबडी कमी वेळा आपटली गेली.

टेबल परत चढवलं. फीडच्या पेटीत नवं दातेरी चाक बसलं. पट्टी आत घालायची वेळ आली तेव्हा जावयानं स्क्रूड्रायव्हर बाईंपुढे धरला.

"तुम्हीच लावा," बाई म्हणाल्या. "आधी टेबल त्या टोकाला न्या. तिथे लावा, मग मधे आणून बघा."

त्यानं जीभ दातांत धरून स्क्रू फिरवला. बाईंनी हातचाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. मधे केसभर सैल होतं, ते राहणारच होतं. टोकाला अडकत नव्हतं.

"कसं आहे?" जावयानं विचारलं.

"वाईट नाही," बाई म्हणाल्या. टूलरूममध्ये हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

लेबलवाल्यानं बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर आणखी एक प्लेट पाठवली होती. ती झाल्यावर तो घ्यायला आला. या वेळी गाडीतून उतरला, प्लेटवर अंगठा फिरवला, ती उजेडाकडे तिरपी धरून डोळा लावला. मग जावयाकडे बघून ओठ मुरडले.

"छान झालीय. कुणाकडून करून आणलीस?"

"इथेच केली, साहेब."

"ह्यॅ! तुझ्याच्यानं हे होणं शक्य नाही. खरं सांग, बाहेर दिलीस ना?"

जावई नेहमीसारखा हसला. ते हसू बाईंनी हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा त्यांना त्याची किळस आली होती. आज तो कुणासमोर हसतोय हे दिसलं.

"अहो लेबलवाले," बाई स्टुलावरूनच म्हणाल्या. "अंगठा फिरवून काय बघताय? तुमच्या अंगठ्याला कळण्यासारखं त्यात काही नाही. तुम्हाला प्लेट बघायची आहे का हॉर्न वाजवायचाय?"

"या कोण?" लेबलवाल्यानं विचारलं.

"मी यांची सासू. आधीची प्लेट मी फोडली. यांनी टेबल अडकेल म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ही यांनी केली, या मशीनवर, माझ्या डोळ्यांसमोर. आता उचला आणि चालू लागा. आणि पुढच्या वेळी अरे-तुरे करू नका. ते माझे जावई आहेत, तुमचे नाहीत."

लेबलवाला प्लेट उचलून गेला. जाताना हॉर्न वाजला नाही.

जावई दारात उभा होता, कानापर्यंत लाल. मग वळला, खोकं ओढून बाईंसमोर बसला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगायला लागला, आपण कसं केलं ते. निळं आधी कुठे लागलं, मग कुठे लागलं, बीड कसं मऊ असतं, कंबर कशी वापरायची असते. निम्मे शब्द चुकीचे होते. जिथे खरवडलं म्हणायचं तिथे तो घासलं म्हणत होता. उंच भागाला खोल म्हणत होता आणि खोल भागाला उंच. बाई ऐकत राहिल्या. मधे बोलल्या नाहीत, कुबडी आपटली नाही. त्याचं संपेपर्यंत थांबल्या.

"सगळं उलटं सांगितलंत," मग त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."